सुपाएवढी जागा

वीसेक वर्षांपूर्वी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका बोळात मी घरांच्या गरजेचे फॉर्म भरून घेत हिंडत होते. एका खोलीच्या उंबऱ्याला लागून एक बाई विड्या वळत बसली होती. मांडीवर सूप, सुपात तेंदूच्या पानांचे कापून ठेवलेले ओलसर तुकडे, एका कडेला तंबाखू, बोटाला गुंडाळलेला धागा. पान उचलायचे, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचे, धागा मारायचा, टोक दुमडायचे. उत्तरे देताना ती माझ्याकडे पाहत नव्हती आणि हात थांबत नव्हते. स्वतःचे घर? नाही. खोल्या? एक. माणसे? सात. मग ‘अपेक्षित क्षेत्रफळ’ हा रकाना आला. किती चौरस फूट हवे, असे विचारल्यावर तिचे हात पहिल्यांदा थांबले.

“ताई, घरात तीन सुपं हायत. माझं, सुनेचं अन् पोरीचं. दारातल्या उजेडात एकच बसतंय. बाकी दोघी दिवसा लाईट लावून बसतात. तेवढं बघा.”

माझ्या फॉर्ममध्ये सुपाचा रकाना नव्हता. मी २५० असा आकडा लिहिला आणि पुढच्या दाराशी गेले. तो आकडा तिचा नव्हता. त्या दिवशी मी भरलेल्या सगळ्याच फॉर्मांत तो होता, कारण आदल्या दिवशी बैठकीत कुणीतरी तेवढेच घर बसते असे सांगितले होते. म्हणजे उत्तर आधी ठरले होते आणि मी फक्त त्याखाली सह्या आणि अंगठे गोळा करत होते.

कष्टकऱ्यांच्या घरांची गरज कशी मोजावी आणि त्या मोजणीवरून परवडणारी घरे कशी उभी करावीत, हा या पुस्तकाचा विषय आहे. नगरसेवक, कामगार संघटनांचे कार्यकर्ते, गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी आणि नगररचनेचे विद्यार्थी यांच्यासाठी ते लिहिले आहे. लेखकांनी प्रस्तावना मागितली तेव्हा मला तो २५० चा आकडाच आठवला. घर बांधण्याविषयी आपल्याकडे खूप लिहिले जाते. मोजण्याविषयी फार कमी लिहिले जाते आणि घोटाळा बहुतेक वेळा तिथेच होतो.

देशपातळीवरचे आकडे आधी पाहू, कारण सगळ्या योजना त्यांच्या आधाराने आखल्या जातात. केंद्र सरकारने नेमलेल्या तांत्रिक गटाने २०१२ साली शहरी भागातली घरांची टंचाई १ कोटी ८७ लाख ८० हजार इतकी धरली. त्यातली ९५ टक्क्यांहून अधिक टंचाई आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांतल्या कुटुंबांची होती. हे आकडे भाषणांत नेहमी येतात. त्याच अहवालातली दुसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. ती अशी की या टंचाईतला सुमारे ८० टक्के हिस्सा दाटीचा होता. ही कुटुंबे बेघर नव्हती. डोक्यावर छप्पर होते, पण घरातल्या प्रत्येक जोडप्याला स्वतंत्र खोली नव्हती. पडद्याच्या अलीकडे सासू-सासरे आणि पलीकडे मुलगा-सून, अशी ही टंचाई आहे. उघड्यावर झोपणारा माणूस रस्त्यावरून जाताना दिसतो. पडद्यामागची टंचाई दार वाजवून आत गेल्याशिवाय दिसत नाही.

आता २०११ च्या जनगणनेतला आकडा याच्या शेजारी ठेवा. तेव्हा देशाच्या शहरांत १ कोटी १० लाखांहून अधिक घरे रिकामी होती. एकीकडे घरे नाहीत म्हणून दाटी आणि दुसरीकडे कुलपे. रिकामी घरे गरजवंतांना वाटून टाकली की प्रश्न सुटेल, असे कुणाला वाटेल. पण ती घरे जिथे आहेत, ज्या किमतीला आहेत आणि ज्या मापाची आहेत, तिथे आपल्या सुपाची बाई पोहोचतच नाही. गरज नुसत्या संख्येची असती तर ती बरीचशी केव्हाच भागली असती.

न विचारता बांधलेल्या घरांचे काय होते, याचे महाराष्ट्रातले एक जुने आणि मोठे उदाहरण मुंबईत आहे. १९२० साली गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत मुंबईत डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. कामगारांसाठी एकेका खोलीची ५० हजार बिऱ्हाडे बांधायची, असा संकल्प होता. पैसा उभा करण्यासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गासडीमागे एक रुपया कर बसवला गेला. प्रत्यक्षात २०७ चाळी आणि १६ हजारांच्या आसपास खोल्या उभ्या राहिल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथल्या याच त्या बीडीडी चाळी. त्यातल्या १२१ एकट्या वरळीला होत्या.

कामगार एकेका खोलीत दहा-दहा जण राहत असताना या चाळी हातोहात भरायला हव्या होत्या. तसे झाले नाही. वरळीच्या कितीतरी खोल्या बरीच वर्षे रिकाम्या पडल्या. १९३० नंतरच्या कायदेभंगाच्या चळवळीत सरकारने तिथल्या चाळींचा सत्याग्रहींना डांबण्यासाठी तात्पुरता तुरुंग म्हणून उपयोग केला. कामगारांसाठी बांधलेले घर शेवटी कैद्यांच्या कामी आले.

असे का झाले? भाडे जड होते आणि तेव्हाची वरळी गिरण्यांपासून आडबाजूला होती, ही कारणे ठळक आहेत. पण कामगाराचा दिवस डोळ्यांसमोर आणला की गोष्ट पुरती कळते. त्या काळी पुष्कळ कामगार बदली होते. पहाटे गिरणीच्या फाटकाशी उभे राहायचे. कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी काम मिळायचे, नाहीतर माघारी. अशा माणसाला भोंगा ऐकू येईल इतक्या जवळ राहणे भाग होते. खानावळ ओळखीची लागायची आणि वाणी उधारीवर देणारा लागायचा. आजारी पडला, संप झाला तर सांभाळून घेणारे गाववाले त्याच गाळ्यात लागायचे. १६० चौरस फुटांची कोरी खोली यांपैकी काहीच देत नव्हती. पुढे शहर वाढून वरळीपर्यंत आले, चाळी भरल्या आणि तिथे तीन-चार पिढ्या नांदल्या. त्या चाळींनी मुंबईला काय दिले, हे मराठी माणसाला सांगायला नको. पण ते श्रेय तिथे राहिलेल्या माणसांचे आहे. बांधणाऱ्यांच्या मोजणीचे नाही.

सोलापूरची गोष्ट नेमकी उलट बाजूने घडली, म्हणून मी तिच्यावर अधिक रेंगाळणार आहे. १८७७ साली तिथे पहिली कापडगिरणी निघाली, तीच ‘जुनी मिल’. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची वस्ती पूर्व भागात वाढत गेली. पुरुष गिरणीत, हातमागावर आणि नंतर यंत्रमागावर. बायका घरी विड्या वळायला. गिरण्या एकेक करून बंद पडल्या तेव्हा कित्येक घरांची चूल विडीवर चालली. विडीचे काम कारखान्यात होत नाही. पाने आणि तंबाखू कारखान्यातून घरी आणायची, घरी वळायची आणि माल मोजून द्यायचा. मजुरी हजारावर ठरते. म्हणजे या बाईचे घर हाच तिचा कारखाना आहे. तिथेच स्वयंपाक, तिथेच तान्हे मूल झोपलेले आणि तिथेच तंबाखूची धूळ. खिडकी कुठल्या भिंतीला आहे, हा तिच्यासाठी पोटाचा आणि छातीचा प्रश्न आहे.

या बायकांनी आडम मास्तरांच्या, म्हणजे नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली घरांसाठी लढा दिला. सीटू या कामगार संघटनेच्या लाल झेंड्याखाली मोर्चे निघाले, पण मला मोर्च्यांपेक्षा त्यांनी केलेली मांडणी महत्त्वाची वाटते. त्यांनी घरे द्या असे सांगून हात पसरले नाहीत. स्वतःची सहकारी संस्था काढली आणि शहराबाहेर अक्कलकोट रस्त्यावर कुंभारीच्या शिवारात जमीन घेतली. घराची किंमत ६० हजार रुपये धरली: २० हजार केंद्राचे, २० हजार राज्याचे आणि २० हजार बाईचे स्वतःचे. वारल्यांच्या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांचे नाव वसाहतीला दिले. २००६ साली पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते दहा हजार घरांचा ताबा देण्यात आला. विडी कामगारांसाठी एवढी मोठी वसाहत देशात दुसरी नव्हती.

मोजणीच्या दृष्टीने यात शिकण्यासारखे काय आहे? यादी. संस्थेच्या सभासदांची यादी हीच गरजेची यादी होती. प्रत्येक नावामागे विडी कामगार म्हणून ओळखपत्र होते, स्वतःचा वाटा होता आणि शेजारणीची साक्ष होती. खोटे नाव घुसवले तर बोळातली दुसरी बाई बोलणार. कुठल्याही कार्यालयाने बाहेरून माणसे लावून केलेले सर्वेक्षण इतके खरे उतरणे कठीण. दहा हजार घरे मागितली गेली तेव्हा दहा हजार बायका तिथे उभ्या होत्या.

त्याच वाटेवरून पुढे कुंभारीलाच रे नगर उभे राहू लागले. यावेळी आकडा ३० हजार घरांचा होता आणि प्रधानमंत्री आवास योजनेचा आधार होता. विडी कामगारांबरोबर यंत्रमाग कामगार, कचरा वेचणाऱ्या बायका, फेरीवाले, चालक अशी असंघटित माणसे त्यात आली. जानेवारी २०१९ मध्ये पायाभरणी झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या १५ हजार घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. दोन्ही वेळा पंतप्रधान नरेंद्र मोदी आले होते. आडम मास्तरांचा पक्ष एका टोकाचा, सरकार दुसऱ्या टोकाचे. तरी यादी पक्की असली की घर उभे राहते, हे महाराष्ट्राने इथे पाहिले.

म्हणून सोलापुरात सगळे साधले असे मी म्हणणार नाही. जमीन स्वस्त मिळाली ती शहराबाहेर होती म्हणून. आणि शहराबाहेर गेले की बस, पाणी, शाळा, दवाखाना आणि माल देण्याघेण्याचे ठिकाण हे सगळे नव्याने मोजावे लागते. घराची किंमत विटा-सिमेंटवर थांबत नाही. एक साधा हिशेब मांडून पाहू. ३ लाखांचे कर्ज, ९ टक्के व्याज, २० वर्षांची मुदत, तर महिन्याचा हप्ता साधारण २,७०० रुपये येतो. घरात दोघे मिळून महिन्याला १२ हजार कमावतात असे धरले तर हा हप्ता कमाईच्या चौथ्या हिश्श्याहूनही थोडा कमी. कागदावर घर परवडले. आता रोज एका माणसाला कामावर जायला-यायला ४० रुपये लागत असतील तर २५ दिवसांचे एक हजार झाले. मुलाच्या शाळेची रिक्षा धरा. पाण्याचा टँकर धरा. आणि सर्वांत मोठी गोष्ट, १२ हजार ही सरासरी आहे. पाने आली नाहीत, वीज गेली, सूत महागले म्हणून माग थांबले, की त्या आठवड्याची मजुरी शून्य. हप्ता मात्र पाच तारखेला येणारच. परवडणे हे महिन्याच्या सरासरीवर मोजू नये, वर्षातल्या सर्वांत वाईट महिन्यावर मोजावे. या पुस्तकातले दुसरे प्रकरण नेमके हेच सांगते आणि ते मला फार मोलाचे वाटते.

गरजेला वयही असते. गिरणी कामगारांच्या घरांचा प्रश्न याची साक्ष आहे. जानेवारी १९८२ मध्ये डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला तेव्हा जो कामगार पस्तिशीचा होता, त्याला तेव्हा लालबाग-परळात राहायला जागा हवी होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींचे तीन वाटे करायचे ठरवले: एक महापालिकेला, एक म्हाडाला आणि एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ती वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती राहिली आणि म्हाडाच्या वाट्याला येणारी जागा आकसली. त्या कामगारांच्या घरांची मोठी सोडत २०१२ साली निघाली. तोवर तो पासष्टीचा झाला होता. कुणी साताऱ्याला, कुणी कोकणात, कुणी कोल्हापुरात गावी गेला होता. कित्येकांच्या अर्जांवर आता वारसांची नावे आहेत. मिळालेले घर कुणी नाकारणार नाही, नाकारूही नये. तो त्यांचा हक्क आहे. पण गरज उद्भवली त्या वेळी ती भागली नाही, की तीस वर्षांनी दिलेले घर निराळ्याच माणसाची निराळी गरज भागवते. तोवर पहिल्या माणसाचे आयुष्य सरलेले असते.

आणि काही गरजा कुठल्याच यादीत बसत नाहीत. ऊसतोड कामगारांचेच घ्या. बीड, जालना, अहिल्यानगर या भागांतून दिवाळीच्या सुमारास कोयते निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. पाच-सहा महिने ही माणसे कारखान्याच्या तळावर किंवा फडाजवळ पाचट-चटयांच्या कोपीत राहतात. संडास नाही, न्हाणी नाही, उजेड नाही. सर्वेक्षण गावी झाले तर त्यांचे घर तिथे आहे, म्हणजे गरज नाही. कारखान्याच्या गावात झाले तर ती तिथली रहिवासी नाहीत, म्हणजे गरज नाही. दोन्ही याद्या बरोबर आणि माणूस दोन्हींच्या बाहेर. इथे पक्के घर हे उत्तर असेलच असे नाही. राज्य सरकारने २०२१ पासून संत भगवान बाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृहांची योजना आणली, ती या दृष्टीने पाहावी. मूल गावात सुरक्षित राहिले, शिकले, तर कोपीतली एक गरज कमी होते. तळावर पक्क्या निवाऱ्याची, मोरीची आणि पाण्याची गरज उरतेच. ती कारखान्याने भागवायची की सरकारने, याचा वाद संपेपर्यंत हंगाम संपतो.

मालकाने घर द्यावे ही कल्पना आपल्याला नवी नाही. किर्लोस्करवाडी १९१० ची. त्यानंतर वालचंदनगर झाले. माळरानावर कारखान्याबरोबर घरे, शाळा, दवाखाने उभे राहिले आणि त्या वाड्या-नगरांत वाढलेली माणसे आजही त्यांच्याविषयी जिव्हाळ्याने बोलतात. पण क्वार्टरचे दार नोकरीला बांधलेले असते. निवृत्तीच्या कागदाबरोबर घर रिकामे करण्याचा कागद येतो. आजच्या चाकण-रांजणगावच्या पट्ट्यात तर कंत्राटी कामगाराला क्वार्टर मिळणे लांबच, खोलीचा करारही मिळत नाही. चौघे-पाच जण मिळून एक खोली घेतात, डिपॉझिट एकाच्या नावाने, बाकीच्यांचे नाव कुठेच नाही. करार नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नाही, पुरावा नाही म्हणून मागणीच्या सर्वेक्षणात नाव नाही. ज्याला भाड्याच्या चांगल्या खोलीची सर्वांत जास्त गरज आहे, तोच मोजणीतून गळतो. आपल्या योजनांचा सारा भर मालकी हक्काच्या घरावर राहिला. २०२० साली केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना जाहीर केली, तोपर्यंत टाळेबंदीत लाखो माणसे रस्त्याने पायी गावी गेली होती. शहरात त्यांचे काम होते, घर नव्हते. काम थांबले त्या आठवड्यात शहरही संपले.

या पुस्तकाच्या लेखकांशी माझा एका मुद्द्यावर मतभेद आहे आणि तो इथे नोंदवणे त्यांनाच मान्य आहे. उत्पन्नाच्या दाखल्यावर त्यांचा बराच भरवसा आहे. मला वाटते, हातावर पोट असलेल्या घरात उत्पन्न विचारू नये, खर्च विचारावा. उत्पन्न माणूस भीतीने कमी सांगतो किंवा अब्रूने जास्त सांगतो. भाडे किती देता, वाण्याची उधारी किती, बचत गटाचा हप्ता किती, दवाखान्याला गेल्या वर्षी किती गेले, ही उत्तरे बाई पैशापर्यंत अचूक देते. त्या बेरजेतून ती किती हप्ता पेलेल हे दाखल्यापेक्षा खरे कळते. पुढच्या आवृत्तीत हा भाग ते वाढवणार आहेत.

परिशिष्टातली प्रश्नावली मात्र जशीच्या तशी वापरण्यासारखी आहे, फक्त आपल्या गावाप्रमाणे तिच्यात भर घाला. इचलकरंजी-भिवंडीत असाल तर पाळी किती वाजता सुटते ते विचारा, कारण रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपतो आणि त्याला झोपायला आडोसा लागतो. कोळीवाड्यात असाल तर जाळे कुठे ठेवता ते विचारा. भाजीवालीला हातगाडी रात्री कुठे लावता ते विचारा. विडी कामगारांच्या वस्तीत घरात सुपे किती आणि दिवसा उजेडात किती बसतात, हा प्रश्न लेखकांनी माझ्या सांगण्यावरून चौथ्या क्रमांकावर घातला आहे.

तिथे जाल तेव्हा बाई माल देऊन परत आल्यावर जा. त्याआधी गेलात तर ती उत्तरे देईल, पण हजार पुरे करायच्या घाईत देईल. खुर्ची मागू नका, जमिनीवर बसा. म्हणजे उजेड कुठून येतो ते तुम्हालाही दिसेल. आणि चौरस फुटांचा रकाना सर्वांत शेवटी भरा, तोही तिच्यासमोर, टेपने ती जागा मोजून.